उकंडीआत्याची पाठ

ये, अशी जवळ सरक. तू रायपुरात आणि मी इथं बालाघाटात, तरी सरक. मराठी वाचताना अडखळलीस तर मोठ्यानं वाच, म्हणजे मीच बोलते आहे असं वाटेल. आधी तुला चार शब्द रागवून घेते. लेकरू झालं, ते पालथं पडायला लागलं, आता रांगेल, आणि तुम्ही दोघं अजून त्याला ‘बेबी’ म्हणता? विचारलं की सांगतेस, ‘आजी, अच्छा सा मीनिंग ढूँढ रहे हैं.’ मोबाईलमध्ये ढूँढता. जपानी चालेल, अरबी चालेल, संस्कृतातलं तर पाहिजेच, पण मीनिंग पाहिजे. मयुरी, बाई, नावाचा अर्थ का असा दुकानात टांगलेला असतो?

मला आमची उकंडीआत्या आठवली. तिला तू पाहिलेलं नाहीस. तुझा बाप तिच्या हातून नाव घेऊन मोठा झाला.

मी लग्न होऊन या गावी आले तेव्हा नुकतीच राज्यांची वाटणी झाली होती. माझं माहेर तुमसरकडचं, ते मुंबई राज्यात गेलं, आणि सासर इथं मध्य प्रदेशात राहिलं. आमचं घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी नळावर गेले. घागर लावली तर मागून एक आवाज आला, असा भारदस्त, की घागर हातातून सुटायची.

“नवी दिसते. नाव काय तुहं?”

मी खाली मान घालून म्हटलं, “निर्मला.”

“हे त सासरचं झालं. माहेरचं?”

पाहिलं तर एक उंच, सावळी, रुंद बांध्याची बाई. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, दात मिशरीनं काळे. मी म्हटलं, “बना.”

“मंग बनाच म्हन नं. निर्मला त काल झाली, ताटातल्या तांदळात. तिची-माही ओळख नाई.” आणि माझी घागर तिनंच उचलून माझ्या कमरेवर ठेवली. त्या दिवसापासून ती मला ‘बने’ म्हणायची. या गावात तसं म्हणणारी ती एकटी.

तिचे मालक रेल्वेत होते, छोट्या रुळांच्या गाडीचे सांधे बदलायचे. मालकाचं नाव महादेवराव. मी ते लिहू शकते, ती कधी बोलली नाही. महाशिवरात्रीला देवळात निघाली की सांगायची, “बने, मी जरा यायच्या देवळात जाऊन येतो.” यायच्या म्हणजे ह्यांच्या, मालकांच्या. महादेवाच्या पिंडीवर पाणी घालतानाही हळूच म्हणायची, “घ्या, देवा.” नाव नाहीच.

लोकांच्या नावांचा मात्र तिला भारी सोस. आपलं गाव तसं अठरा ठिकाणच्या लोकांचं. मँगनीजच्या खाणी, रेल्वे, जंगलखातं, त्यामुळं कुठून कुठून माणसं येत. नवं बिऱ्हाड उतरलं की सामान बैलगाडीतच असायचं आणि आत्या दारात उभी. जंगलखात्यातल्या बंगाली बाबूच्या बायकोला विचारून आली, आणि मला सांगायला लागली की त्यांच्यात प्रत्येकाला दोन नावं असतात. घरी बुडी, शाळेत सुचरिता. “बरं हाये,” म्हणाली, “घरात चप्पल, बाहेर बूट.” चुडीवाल्या रहमतबीनं सांगितलं की त्यांच्यात लेकरू जन्मलं की आधी त्याच्या कानात अजान देतात, मग सातव्या दिवशी नाव. आत्या खूश. म्हणे, “म्हनजे त्यायचंही कानातूनच जाते.”

तिच्या स्वतःच्या नावाची गोष्ट तिनं मला तांदूळ पाखडता पाखडता सांगितली. ती हसत हसत सांगायची, आणि आपण हसावं की नाही ते कळायचं नाही.

तिच्या आईला पहिला मुलगा झाला, शामराव. त्याच्यानंतर आलेलं एकही लेकरू टिकलं नाही. मग ही झाली. तेव्हा आपल्या इकडं काय करत, की असं लेकरू उकंड्यावर नेऊन ठेवायचं. उकंडा म्हणजे केरकचऱ्याचा, शेणाचा ढीग, माहीत आहे ना? शेजारणीनं ते सुपात उचलून आणायचं, ‘मला उकंड्यावर सापडलं’ म्हणायचं, आणि आईनं तिच्याकडून विकत घ्यायचं. मग काळाला वाटावं, हा तर कचरा आहे, कशाला न्या.

“मूठभर कोंड्यात घेतलं मले मायनं,” आत्या सांगायची. “अन् नाव ठेवलं उकंडी. काळ आला अशीन, नाव ऐकून नाक दाबून गेला.”

माय पुढं लवकर गेली. बापही गेला. शामदादानं हिला वाढवलं, आणि त्यानंच लग्न लावून दिलं. लग्न झालं, वरात सासरी आली. दादा मुलीकडचा कर्ता म्हणून सोबत आलेला. अंगणात पंगत बसली होती आणि आत देवापुढं ताटात तांदूळ पसरले होते. नवरदेवानं अंगठीनं त्यात नव्या सुनेचं नाव लिहायचं. सासूनं नाव ठरवून ठेवलेलं: रत्नमाला. महादेवरावांनी लिहिलं. सगळ्या बाया ‘छान, छान’ म्हणाल्या. आणि नवरीनं हात पुढं केला, आणि तळहातानं ताट सपाट करून टाकलं.

“मले भ्याव वाटलं, बने,” आत्या म्हणायची. “सोळा वर्साची व्हतो मी. मायनं ज्या नावानं मले जगवलं, ते पुसलं अन् मी मेलो त? म्हनून ते पुसाच्या आधी मीच हे पुसलं.”

घरात हलकल्लोळ. सासरे तरातरा अंगणात गेले, आणि शामदादा पानावर बसला होता त्याला सगळ्यांच्या देखत म्हणाले, की हेच वळण लावलं का बहिणीले? दादा भरल्या पानावरून उठला. हातसुद्धा न धुता गाडीत बसला. जाताना बहिणीकडं न पाहता बोलला, “आजपासून मले बहीन नाई.”

तेव्हापासून तो आला नाही. लालबर्ऱ्याच्या अलीकडं त्याचं गाव, बसनं गेलं तर सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल इतकं जवळ. त्याचं लग्न झालं, हिला बोलावणं नाही. दिवाळीला माहेरी न्यायला कोणी नाही. भाऊबिजेला आत्या ताट करायची, निरांजन लावायची, आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या तसंच करतात. आम्ही शेजारणी पाहत असलो की म्हणायची, “माहा भाऊ पाहा किती गोरा हाये.” आम्ही हसायचो. ती ताट आत नेऊन बराच वेळ बाहेर यायची नाही.

नाव पुसल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. “पुसलं ते बरंच केलं,” म्हणायची. “पन दादा जेवून राह्यलता, तेवढं पाहाले पाहिजे व्हतं. उपाशी गेला तो.” तिच्या मनात ते एवढंच होतं. भाऊ उपाशी गेला.

हसले ते फक्त महादेवराव. ताट पुसलं गेलं तेव्हा त्यांना हसू फुटलं, आणि त्यांनी तिला जन्मभर उकंडीच म्हटलं. सासू मात्र हट्टी. ‘रत्नमाले, पाणी आण’ म्हणायची, आणि ही मागं वळून पाहायची, कोण बाई आली म्हणून.

आता ती ‘आत्या’ कशी झाली ते ऐक, कारण त्यात तुझा बाप आहे. तो झाला आणि त्याचं बारसं ठरलं. घुगऱ्या भिजवल्या, पाळणा टांगला, आणि माझ्या नणंदेचा निरोप आला की तिचे स्वतःचे दिवस भरलेत, येता येत नाही. नणंद नाही म्हणजे बाळाची आत्या नाही, आणि आत्या नाही तर कानात नाव कोण सांगणार? सासूबाईंनी डोक्याला हात लावला. नळावर ही बातमी गेली. थोड्या वेळानं उकंडीबाई नवं लुगडं नेसून दारात.

“मी हाये नं,” म्हणाली. “आत्याले काय लागते? तोंड लागते अन् पाठ लागते. दोन्ही हायेत.”

तू बारसं पाहिलंच असशील कुठंतरी. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते, आणि ती वाकलेली असतानाच बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. उकंडीबाईची ‘कुर्रर्र’ अशी की तुझा बाप दचकून रडायलाच लागला. आम्ही बुक्के घातले. तिचं समाधान होईना. वाकूनच ओरडली, “माराना जरा जोरानं. नाव कच्चं राहीन पोराचं.”

तिचं तसं मतच होतं. बुक्का हलका तर नाव कच्चं. आणि कच्च्या नावाची पोरं हाकेला ओ देत नाहीत.

झालं. गल्लीत ज्या कोणाची नणंद दूर, ती हिच्याकडं येऊ लागली. परगावच्या माणसांच्या नणंदा दूरच असणार. मद्रासकडचे एक बाबू स्टेशनात होते, त्यांची बायको कमलम्मा आमच्या शेजारची. तिच्या मुलाला त्यांच्या रीतीनं आजोबाचं नाव द्यायचं होतं. म्हणजे कमलम्माच्या सासऱ्याचं. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, तिथंही तेच. मग स्वतःच्या मुलाला हाक कशी मारायची? तिनं तोडक्या हिंदीत सांगितलं की हाक मारायला वेगळं लाडाचं नाव ठेवतात. आत्या पोट धरून हसली. “म्हनजे पोरगं खोड्या करन अन् मायले त्याचं नाव घेऊन शिवी देता येनार नाई? भाग्याचं पोरगं हाये, बाई.”

त्या बारशात आत्या वाकली तेव्हा कमलम्मानं तिच्या पाठीला दोन बोटं लावली, इडली शिजली का पाहावी तशी. आत्यानं तिला बुक्का मारायला शिकवलं. हात कसा वळवायचा, कुठं मारायचा. पुढं कमलम्माच आमच्यात सगळ्यात जोरात मारायची.

एकदा मात्र आत्याला मी हरलेलं पाहिलं.

आमच्या पलीकडच्या ओळीत मेश्राम मास्तर राहायचे, शाळेत शिकवायचे. त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं की माझं नाव आता सुगत. जुनं नाव कचरू होतं. आत्यानं नळावर त्यांच्या बायकोला सुनावलं, की आईबापानं ठेवलेलं नाव असं टाकून देतात का? मी तर बाई, ताट पुसलं पण नाव सोडलं नाही.

संध्याकाळी मास्तर स्वतः आले. आत्या ओसरीवर लसूण सोलत होती, मी बाजूला. मास्तर बसले, आणि आवाज न चढवता म्हणाले, “आत्या, तुमचं नाव तुमच्या मायनं ठेवलं, तुम्ही जगावं म्हणून. माह्यं नाव गावच्या पाटलानं ठेवलं, मी मान वर करू नये म्हणून. कचरा दोघांच्याही नावात हाये. पन ठेवनारा पाहा नं.”

आत्यानं हातातली लसणाची पाकळी खाली टाकली. मला वाटलं आता काहीतरी फटकन बोलेल. ती उठली, आत गेली, चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला. मग दारातून डोकं काढून विचारलं:

“सुगत मास्तर, साखर किती घालू?”

पुन्हा तिच्या तोंडून ते जुनं नाव निघालं नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघालं तर त्याची धडगत नसे. आणि त्या दिवसापासून तिचा प्रश्न वाढला. आधी विचारायची, ‘नाव काय?’ आता विचारायची, ‘नाव काय, अन् कोनं ठेवलं?’ अर्थ ती कधीच विचारायची नाही. म्हणायची, कोणी ठेवलं ते कळलं की अर्थ आपोआप कळते.

मास्तरांना मुलगी झाली तेव्हा ते पुन्हा आले. नाव प्रज्ञा ठरलं होतं. त्यांच्या रीतीनं वंदना होणार होती, पण त्यांच्या बायकोचा हट्ट की आत्या पाहिजे. मास्तर जरा संकोचून म्हणाले, “तसं आमच्यात आता हे जुनं काही करत नाई. पन बुक्क्यात काही देवधर्म नाई.”

“बुक्क्यात फक्त पाठ हाये,” आत्या म्हणाली, आणि गेली. त्यांच्या घरी घुगऱ्याही खाऊन आली. गल्लीतल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली. आत्यानं त्यांच्या पुढच्या बारशाला पाठच दिली नाही. “माही पाठ दुखून राह्यली,” म्हणाली. पाठ बिलकुल दुखत नव्हती. पुढं त्या गुमान मास्तरांकडं घुगऱ्या खाऊन आल्या, तेव्हा दुखणं थांबलं.

बैहरच्या जंगलाकडून एक गोंड बाई बाजाराला यायची, चारोळी आणि पानांच्या पत्रावळी घेऊन. तिचं नाव सुकवारो. आत्याच्या ओसरीवर टोपली उतरवून पाणी प्यायची. कोणी ठेवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, वारानं. शुक्रवारी झाले म्हणून सुकवारो.

“मंग तुह्या गावात शुक्रवारी झालेल्या सगळ्या सुकवारोच?”

“हौ. एक को बुलाओ तो चार आती हैं,” सुकवारो म्हणाली. आणि मग सांगितलं की तिच्या भावाच्या मुलाचं तसं नाही. त्यांच्या घराण्यात वडील माणूस द्रोणात पाणी घेतो, त्यात तांदळाचे दाणे सोडतो, आणि एकेका पूर्वजाचं नाव घेतो. ज्या नावाला दाणे एकमेकांना येऊन चिकटतात, तोच पूर्वज परत आला असं धरायचं, आणि तेच नाव. “पुरखा लौट के आता है, बाई. चावल से पूछ लेते हैं, कौन आया.”

आत्या तिचा रिकामा झालेला तांब्या हातात घेऊन बसली. सुकवारो टोपली घेऊन गेली तरी. मग मला म्हणाली, “पाह्य बने. त्यायच्यात तांदळाले इचारतात. आपल्यात तांदळाले सांगतात.” थोड्या वेळानं पुन्हा, “माह्या दादाले कोनी जाऊन इचारलं पाहिजे. रुसलेलं मानूस तांदळासारखंच असते. हालवलं नाई त चिकटत नाई.”

पण हलवणार कोण? महादेवराव एकदा गेले होते, दादा शेतात निघून गेला. निरोप पाठवले, उत्तर नाही. आणि आम्हाला लालबर्ऱ्याच्या बाजारातून कळत राहायचं की दादाच्या बायकोला लेकरू होतं, आणि राहत नाही. तेच दुःख, जे त्याच्या आईचं होतं. अशी खबर आली की आत्या त्या दिवशी कोणाला नाव विचारायची नाही. गावभरच्या पोरांची आत्या, आणि जिथं ती रक्तानं आत्या होती तिथला पाळणा हलत नव्हता. हललाच तरी तिला कोण बोलावणार, हा दुसरा घोर.

मग एक दिवस, तुझा बाप तेव्हा शाळेत जायला लागला होता, भर दुपारी एक पिकल्या मिशांचा माणूस आमच्या गल्लीत आला. धोतर, खांद्यावर उपरणं, वहाणा हातात. आत्या अंगणात वड्या वाळत घालत होती. तिनं वर पाहिलं. तो फाटकाशीच उभा राहिला.

“उकंडे,” तो म्हणाला.

एवढंच. मी माझ्या दारातून पाहत होते, आणि मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

आत्यानं हात पदराला पुसले. मला वाटलं रडेल, पाया पडेल, काहीतरी. तिनं काय म्हणावं?

“आधी जेव.”

“मी सांगाले आलो व्हतो की…”

“आधी जेव म्हनलं नं, दादा.”

भात, वरण, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. तो ओसरीवर पाटावर बसला, आणि आत्या समोर उभी, पानाकडं डोळे लावून. त्यानं हात आखडला की ही वाढायची. तो म्हातारा जेवत होता की शिक्षा भोगत होता, सांगता येत नाही. त्यानं पान चाटून-पुसून संपवलं. आत्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं. हात धुतल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाली, “हं. आता सांग.”

“पोरगी झाली. चांगली हाये, अंगानं भरून राह्यली. तुले न्याले आलो. बारसं हाये.” मग उपरण्यानं मिशा पुसत, दुसरीकडं पाहत, “नाव तुहं ठेवाचं म्हनते.”

“कोन म्हनते?”

“तिची माय.”

“अन् तू?”

शामदादानं पायाशी ठेवलेल्या वहाणा सरळ केल्या. मग म्हणाला, “मी मुऱ्हाळी होऊन आलो नं.”

मुऱ्हाळी म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला येतो तो. इतक्या वर्षांत तिला मुऱ्हाळी आला नव्हता. आत्या आत गेली आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली, धुवायला काही नसताना.

बारशाला ती एकटी गेली नाही. कमलम्मा, सुगत मास्तरांची बायको, मी, रहमतबी, असा सगळा फौजफाटा लालबर्ऱ्याच्या बसमध्ये. कंडक्टर म्हणाला, “बाई, बरात कहाँ जा रही है?” आत्या म्हणाली, “माहेरी.”

दादाच्या घरी पाळण्याला झेंडूच्या माळा. वहिनी बिचारी घाबरलेली, पोरीवरून नजर हटवत नव्हती. आत्या पाळण्याशी गेली, वाकली, आणि ‘कुर्रर्र’ करायला तोंड उघडलं. आवाजच येईना. जी बाई स्टेशनपर्यंत ऐकू जायची, तिचा. आम्ही मुठी वळून, हात वर करून उभ्या. कमलम्मा तर बाह्या सरसावून.

मग वहिनी हळूच म्हणाली, “बाई, सांगा नं. तुमचंच नाव टिकते आमच्या घरात.”

तेव्हा आत्यानं केलं ‘कुर्रर्र’, आणि एका कानात सांगितलं, “उकंडी.” आम्ही हात उगारले तर तिनं मागं न पाहता हातानं थांबवलं. बाळाची मान दुसरीकडं वळवली, आणि दुसऱ्या कानात सांगितलं, “रत्नमाला.”

सगळ्या एकमेकींकडं पाहू लागल्या. आत्या वाकूनच बोलली, “चांगलं नाव व्हतं ते. सासूनं हौसेनं काढलतं. मी वापरलंच नाई, कोरं हाये अजून. घरात उकंडी राहीन, शाळेत रत्नमाला. मारा आता.”

आम्ही मारले. कमलम्मानं तर शिकवणीचं सोनं केलं. आणि बायांच्या मधून वाट काढत शामदादा आला. पुरुष कधी येत नाहीत त्या गर्दीत. त्यानं बहिणीच्या पाठीत एक बुक्का घातला. चांगला जोरात, आवाज आला.

“हा त्या तांदळाचा,” म्हणाला.

आत्या सरळ उभी राहिली. डोळ्यांतून पाणी, आणि काळे दात सगळे दिसत होते. “आता पक्कं झालं पोरीचं नाव,” म्हणाली.

पुढच्या भाऊबिजेला तिनं अंगणात ताट नेलं नाही. मी मुद्दाम पाहिलं. चंद्र आला होता, तसाच गेला.

मग बरीच वर्षं गेली. महादेवराव नोकरीतून मोकळे झाले, आणि त्यांनी कटंगीकडच्या आपल्या गावी जायचं ठरवलं. छोट्या गाडीनं निघाले. फलाटावर सगळी गल्ली. दादा आला होता, त्याची पोरगी दोन वेण्या घालून सोबत. शाळेतल्या बाई तिला रत्नमाला म्हणायच्या. आत्यानं खिडकीतून हाक दिली, “उकंडे, ते बोचकं दे इकडं,” आणि पोरगी “हौ आत्या” म्हणून धावली, तेव्हा फलाटावरच्या अनोळखी लोकांनी माना वळवल्या.

आम्ही पाया पडायला वाकलो. आत्यानं थांबवलं. डब्यातून खाली उतरली, आमच्याकडं पाठ केली, आणि म्हणाली, “आत्या-आत्या म्हनून म्हनून माहं नाव कच्चं झालं असंन. जरा पक्कं करून घ्या. घ्या नाव, अन् मारा.”

मग एकेकीनं मारलं. ‘उकंडी’ म्हणायचं आणि बुक्का. सुगत मास्तरांच्या प्रज्ञानं मारला, तुझ्या बापानं मारला, कमलम्मानं मारला आणि तीच रडायला लागली. माझी पाळी आली तेव्हा माझा हातच उचलेना. ती मागं न पाहता म्हणाली, “बने, तूच का? मार बाई. तुहा हात मले वळखू येते.”

गाडीनं शिटी दिली. ती आत जाऊन बसली ती नेमकी खिडकीकडं पाठ करून, कारण समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई लेकरू घेऊन बसली होती. गाडी हलली. मला तिचं तोंड दिसलंच नाही. ती रुंद पाठ दिसली, पुढं वाकलेली, आणि तिचा आवाज ऐकू आला: “नाव काय बाई लेकराचं? अन् कोनं ठेवलं?”

ती पाठ मला अजून दिसते.

तर मयुरी, मीनिंग बिनिंग राहू दे. नाव कुठलंही आणा, जपानचं आणा, अरबस्तानातलं आणा, पण आणून बाळाच्या कानात कोणीतरी स्वतःच्या तोंडानं सांगायला पाहिजे. तुझा नवरा एकुलता एक, त्याला बहीण नाही, हे मला माहीत आहे. म्हणून काही अडत नाही. आत्याला काय लागतं? तोंड लागतं, ते माझं अजून चालू आहे, तुला इतक्या वेळात कळलंच असेल. आणि पाठ लागते. ती वाकली आहे, पण ते बरंच झालं, पाळण्याशी वेगळं वाकायला नको. प्रज्ञा इथंच आहे, आता आजी झाली, बुक्के मारायला ती येते म्हणाली. मी घुगऱ्यांचे हरभरे निवडून ठेवले आहेत. ये लवकर बाळाला घेऊन, भिजत घालायचे तेवढे राहिलेत. आणि आलीस की एकदा मला ‘बना’ म्हणून हाक मार.